सूर्यास्त समिती

सूर्य मावळायला समिती लागते हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर तो आपला आपण मावळत होता. ना सूचक, ना अनुमोदक. पण 'कोल्हापूर जिल्हा अल्पसंख्याक जैन तंत्रज्ञ संघ' या संस्थेच्या हाताला एखादी गोष्ट लागली आणि तिची समिती झाली नाही, असं आजवर घडलेलं नाही. स्वागत समिती आहे, सत्कार समिती आहे, वेबसाइट समिती आहे आणि वेबसाइट बंद का आहे याची चौकशी समितीही आहे. चौकशी समितीचा अहवाल तयार आहे म्हणतात. तो वेबसाइटवर टाकायचा आहे.

सूर्यास्त समिती जन्माला आली ती हुग्गीपायी. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची, गूळ घालून रटारटा शिजवलेली खीर. वर तुपाची धार. आमच्याकडं लग्न असो, बारसं असो, हुग्गी नसेल तर लोक त्याला कार्यक्रम म्हणत नाहीत, मीटिंग म्हणतात. आणि आमच्याकडं दुसरी एक गोष्ट पक्की: जेवायचं ते दिवस असेतोवर. सूर्य गेला की तोंडात शीत टाकायचं नाही. घरी कोण किती पाळतं ते ज्याचं त्याला माहीत, पण चारचौघांत सगळे पाळतात, आणि संघाच्या वार्षिक सभेत तर चारचौघं सोडा, दीडशे जण असतात.

मागल्या वर्षीच्या सभेत आमचे अध्यक्ष अण्णाप्पा नेजकर भाषणाला उभे राहिले. अण्णा साखर कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. कारखान्यात पहिला संगणक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, उसाच्या पाल्यात गुंडाळून कसा आणला, ही हकीकत त्यांनी सांगायला घेतली. ट्रॉली शिरोळच्या फाट्यावर असताना ऊन कललं. ट्रॉली कारखान्याच्या गेटात शिरली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. अख्खी काहील भरून हुग्गी तशीच राहिली. दीडशे इंजिनियर काहिलीभोवती उभे राहून वास घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी ती हुग्गी म्हशींनी खाल्ली. संघाबद्दल मनापासून आदर असलेला तेवढाच एक वर्ग आज जिल्ह्यात आहे.

त्यावर ठराव झाला: सभा सूर्यास्ताच्या आत संपवून जेवण वेळेत होण्याकामी समिती नेमावी. आणि निमंत्रक म्हणून माझं नाव पडलं. कारण जिथं राबायचं असतं तिथं माझं नाव आपोआप पडतं, आणि जिथं फोटो असतो तिथून आपोआप गळतं.

मी अनेकांत मगदूम. लक्ष्मीपुरीत माझं कॅमेऱ्याचं दुकान आहे. लग्नातला कॅमेरा नव्हे, चोर बघायचा. शिक्षण विचाराल तर बारावीत पदार्थविज्ञानानं मला सोडलं, पण मी पदार्थविज्ञानाला सोडलं नाही. जे शिकलो ते उघडून शिकलो. रेडिओ उघडला, टीव्ही उघडला, सासऱ्यांचा मिक्सर उघडला. मिक्सर परत मिटला नाही, पण शिकलो. आज निम्म्या संघाच्या घरांवर माझे कॅमेरे आहेत. कोण किती वाजता घरी येतो आणि कुणाच्या दारात कुणाची गाडी लागते, हे मला माहीत असून मी गप्प बसतो, यालाच मी तंत्रज्ञानातली नीतिमत्ता समजतो.

पण संघात दोन प्रकारचे सभासद. पदवीवाले ते 'पूर्ण', बिनपदवीचे ते 'सहयोगी'. पूर्ण सभासद मत देतो, भाषण देतो आणि पहिल्या पंगतीला बसतो. सहयोगी सभासद सतरंज्या घालतो, माइक जोडतो, पहिल्या पंगतीला वाढतो आणि उरलं तर दुसऱ्या पंगतीला जेवतो. म्हणजे देशात आम्ही अल्पसंख्याक, समाजात तंत्रज्ञ म्हणून अल्पसंख्याक, आणि तंत्रज्ञांत पुन्हा बिनपदवीचे म्हणून अल्पसंख्याक. इतकं अल्प होत गेल्यावर माणूस शेवटी दिसेनासाच व्हायचा.

हे मी चालवून घेत होतो. पण मागल्या सभेहून उपाशी घरी आलो तेव्हा माझी पोरगी मोना माझ्या छातीवरचा बिल्ला वाचत म्हणाली, "पप्पा, सहयोगी म्हंजे हेल्पर व्हय?"

बायको दीपा आतून म्हणाली, "मोना, पप्पांना जेवू दे." मग आठवण होऊन म्हणाली, "न्हाय, आता जेवू बी नको दिऊस, दिवस गेलाय."

त्या रात्री पोटात भूक होती आणि डोक्यात बिल्ला होता. दुसऱ्या दिवशी अण्णांकडं जाऊन सरळ विचारलं, "अण्णा, पूर्ण सभासद व्हायला मी काय करू? परत बारावीला बसू?"

अण्णा म्हणाले, "अनेकांत, ही सूर्यास्ताची भानगड निस्तरून दाव. घटनेत 'विशेष तांत्रिक कामगिरी' असं कलम हाय. येत्या सभेत तुझा ठराव मी सोता मांडतो."

मी तयार झालो. पोरीसाठी माणूस काय काय करतो. मी सूर्य अंगावर घेतला.

समितीत आम्ही चौघं. अण्णा पदसिद्ध. भोजन समितीच्या वतीनं विजयमाला उपाध्ये, म्हणजे आमच्या अक्का. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाल्या आणि आता त्याच शिस्तीत काहील सांभाळतात. तिसरा विश्वजित शेटे. हा बंगळूरच्या कंपनीचं काम घरात बसून करतो आणि संघाची घटना त्याला तोंडपाठ आहे, कारण ती त्यानंच कुठूनतरी डाउनलोड केलेली आहे. आणि चौथा मी, चहा आणणारा निमंत्रक.

पहिल्या बैठकीचा विषय साधा होता: सूर्य किती वाजता मावळतो.

विश्वजित म्हणाला, "त्यात काय, नेटवर असतं. सेकंदापर्यंत मिळतं."

अण्णा म्हणाले, "नेट कुठलं? आपलं पंचांग हाय की. पंचांग सोडून मी घास घेत न्हाय."

अक्का म्हणाल्या, "आपलं सभागृह कुठं हाय ते बघा आधी."

संघाचं सभागृह जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला, पूर्वेच्या अंगाला आहे. जागा देणगीत मिळालेली, आणि देणगीत मिळालेल्या जागेचा सूर्य कुणी तपासत नाही. तिथं सूर्य मावळायच्या अर्धा तास आधीच डोंगराआड जातो. डोंगरावर देवळापाशी लख्ख ऊन आणि खाली आमच्या दारात सावली.

"म्हणजे सूर्य असतो," विश्वजित म्हणाला.

"दिसत न्हाय," अक्का म्हणाल्या.

"न दिसणं आणि नसणं यात फरक आहे."

"पानात पडलेला किडा दिसंना झाला म्हंजे न्हाय का तो?" अक्कांनी विचारलं. यावर विश्वजितनं घटना चाळली. घटनेत किडा नव्हता.

माझं नाव अनेकांत. सत्याला अनेक बाजू असतात असा त्याचा अर्थ, हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या बाजू चहाबरोबर संध्याकाळी सातपर्यंत भांडतात, हे कुठल्या मुनीमहाराजांनी मला सांगितलं नव्हतं. शेवटी ठरलं: डोंगराचाच सूर्यास्त धरायचा. लवकर जेवल्यानं पाप लागत नाही, भूक तेवढी लवकर लागते.

मग विश्वजितनं समितीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून अख्खा संघ त्यात घातला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दीडशे सूर्य माझ्या मोबाइलमध्ये मावळायला लागले. कुणी कुरुंदवाडच्या घाटावरचा सूर्य टाकायचा, कुणी उसाच्या शेंड्यावरचा, कुणी हातात धरलेला. खाली 'शुभ संध्या'. एकानं सूर्योदयाचा फोटो टाकला. तो सूर्योदय आहे हे सिद्ध करण्यात दोन दिवस गेले आणि त्याच्यासाठी एक उपसमिती झाली.

आता काम काय करायचं? वेळ झाली की भाषण थांबलं पाहिजे. माझ्या दुकानाशेजारी केरबाची पिठाची गिरणी आहे. जगात जे काही बिघडतं त्यावर केरबाकडं तोडगा असतो आणि तो गिरणीच्या आवाजावर ओरडून सांगतो, त्यामुळं अख्ख्या लक्ष्मीपुरीला माझ्या अडचणी माहीत असतात.

"मैकाची पिन उपसायची," केरबा ओरडला. "हाय काय त्यात."

"कुणी उपसायची?"

"तू."

"अध्यक्षांच्या तोंडातनं माइक काढू? माझा ठराव तेंच्याच हातात हाय."

"मग माणसानं उपसू नको. मशिनीला उपसू दे. मशिनीवर कोण रुसतंय?"

केरबा हे सहज बोलला आणि कुणाची तरी ज्वारी घालायला लागला. मला मात्र तिथंच उजेड पडला. उजेड हाच तो मुद्दा. रस्त्यावरचे दिवे अंधार पडला की आपोआप लागतात, कारण त्यांच्यात उजेड ओळखणारा एक सेन्सर असतो. तो सेन्सर मी सभागृहाच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या माळावर एका खांबावर बसवणार. ऊन कललं की डोंगराची सावली माळावरून सभागृहाकडं सरकत येते. ती खांबावर पोचली की सेन्सर अंधारणार, सभागृहात भोंगा वाजणार आणि त्याच क्षणी माइक मरणार. तिथून सावली सभागृहापर्यंत यायला जो वेळ लागतो, त्यात पंगत उठते. सूर्यच सांगणार, "बास करा." आणि सूर्यावर रुसून जाणार कुठं?

समितीला कल्पना आवडली. आवडली म्हणजे तिच्यात त्यांनी सुधारणा सुचवल्या. विश्वजित म्हणाला, "मानवी हस्तक्षेप नको. नाहीतर प्रत्येक वक्ता येऊन म्हणणार, दोन मिनिटं द्या." मी ताठ मानेनं म्हणालो, "यंत्राला पेटी, पेटीला कुलूप, आणि किल्ली अक्कांकडं. आमदार आला तरी दोन मिनिटं मिळायची न्हाईत." टाळ्या पडल्या. अक्कांनी किल्ली मंगळसूत्राला अडकवली.

"सूर्य तुमच्या आधीपासनं मावळतोय," दीपा घरी म्हणाली. "तेला एवढा तरास देऊ नका. एखाद्या दिशी बसंल डोंगरामागं फुगून."

पण तो माळ ग्रामपंचायतीचं गायरान निघाला, म्हणजे खांब रोवायला परवानगी हवी. ग्रामसेवकानं माझा अर्ज उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"हे कुठल्या सदरात घालू?" त्यानं विचारलं. "पाणीपुरवठा, दिवाबत्ती का जन्ममृत्यू?"

"दिवाबत्ती घाला."

"दिवा लावणार हाय का तुमी?"

"न्हाय. अंधार पडल्यालं कळायला पायजे."

"अंधार पडल्यालं आमाला खांबाबिगर कळतंय," ग्रामसेवक म्हणाला आणि मला सरपंचांकडं पाठवलं.

सरपंच धोंडुबाई गोठ्यात धार काढत होत्या. धार न थांबवता त्यांनी सगळं ऐकलं.

"पावणं, म्हंजे तुमची लोकं दिसाउजेडी जेवत्यात."

"व्हय."

"आन बोलायची थांबत न्हाईत."

"न्हाईत."

"मग बोलणाऱ्याला आदी वाडा की. तोंडात घास आसल्यावर कसा बोलंल?"

इतकं सरळ बोलणाऱ्या बाईला आमच्या संघात कुठल्याच समितीवर घेतलं नसतं. मी म्हणालो, "मावशी, ठराव झालाय. आता खांबच लागतोय."

"सूर्य आमच्या हद्दीत मावळतोय न्हवं? मग आमचा बी ठराव लागंल." त्यांनी चरवी बाजूला ठेवली. "ठराव हुईल. पर पंचायतीचा क्यामेरा बंद हाय, तेवडा बगा जाता जाता."

जाता जाता कॅमेरा बघितला. तो उंदरानं कुरतडला होता. तो दुरुस्त केला तेव्हा टाकीचा भोंगा दाखवला. भोंगा झाला तेव्हा शाळेची घंटा, मग दूध डेअरीचा काटा, मग धोंडुबाईंच्या थोरल्या जावेचा टीव्ही. टीव्ही बिघडलेला नव्हता, रिमोट म्हशीच्या आंबोणात, भिजवलेल्या पेंडीत, गेला होता, म्हणजे तो म्हशीकडूनच मिळायचा होता. दुकान बंद ठेवून मी रोज त्या गावात. गावातली पोरं मला 'सूर्यवालं पावणं' म्हणायला लागली. शेवटी एकदाचा ठराव झाला आणि मी गायरानात खांब रोवला, वायर ओढली, भोंगा बसवला. चाचणीला सावली खांबावर आली आणि भोंगा असा वाजला की दोन शेरडं दावं तोडून डोंगरावर गेली. ती संध्याकाळी माझ्याकडूनच शोधून घेण्यात आली.

सभेचा रविवार उजाडला. डिसेंबरातलं कोवळं ऊन. दीडशे पूर्ण सभासद निळे बिल्ले लावून खुर्च्यांवर, आणि आम्ही तीसेक सहयोगी पिवळे बिल्ले लावून उभे. दीपा पापड वाढायला आली होती आणि मोनालाही मुद्दाम आणलं होतं. तिला सांगितलं होतं की आज पप्पांचा बिल्ला बदलणार. अण्णा माइकसमोर आले, घसा खाकरला, म्हणाले, "सन्माननीय," आणि भोंगा वाजला. माइक मेला.

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

सवयीनं निम्मी सभा जेवायला उठली. अक्का पळी घेऊन बाहेर आल्या. "अजून गहू फुटलं न्हाईत. बसा समदी खाली."

मी माळावर पळालो. खांबावर एक भला मोठा फ्लेक्स बांधलेला. 'लोकप्रिय सरपंच धोंडुबाई यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' धोंडुबाईंच्या पदरानं माझा सेन्सर पुरता झाकून टाकला होता. कोल्हापूर जिल्ह्यात रिकामा खांब दिसला की त्यावर कुणाचा तरी वाढदिवस येतो, हे मला, ज्याचा जन्म याच जिल्ह्यात गेला त्याला, सुचलं नव्हतं. फ्लेक्स सोडायला गेलो तर शुभेच्छुक पोरं धावून आली.

"सरपंचांचा फोटू उतरवतोस व्हय रं?"

"उतरवत न्हाय. फिरवतोय."

बरंच हो-ना होऊन फ्लेक्स फिरवला. आता धोंडुबाई डोंगराकडं बघून हसत होत्या, आणि त्यांना दिलेल्या शुभेच्छा फक्त शेरडांना वाचता येत होत्या. सेन्सरवर ऊन पडलं, माइक जिवंत झाला आणि सभा नव्यानं सुरू झाली. पण या गोंधळात अर्धा तास गेला तो गेलाच.

माझा ठराव कार्यक्रमपत्रिकेत शेवटी होता: 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. त्याआधी प्रास्ताविक, अहवाल, चौकशी समितीच्या अहवालाचा अहवाल, आणि अण्णांचं मनोगत. मनोगतात ट्रॉली निघाली.

मी खिडकीपाशी उभा. बाहेर माळावर डोंगराची सावली पुढं सरकत होती. सावली म्हणजे निवांत वाढणारी गोष्ट, असा माझा समज होता. तो साफ चुकीचा आहे. आपलं काम अडलेलं असताना बघा, सावली धावते. मी अण्णांना चिठ्ठी पाठवली: 'विषय घ्या.' अण्णांनी चिठ्ठी वाचली, खिशात घातली आणि म्हणाले, "तर ट्रॉलीचं चाक पंक्चर." दुसरी चिठ्ठी पाठवली. अण्णा म्हणाले, "श्रोत्यांतून उत्स्फूर्त प्रतिसाद येतोय, म्हणून जरा विस्तारानं सांगतो." भाषण थांबवायचं यंत्र मी बनवलं होतं, आणि त्या सभागृहात भाषण थांबावं म्हणून माझ्याइतका तळमळणारा माणूस दुसरा नव्हता.

सावली बाभळीपर्यंत आली. मग शेरडांपर्यंत. मग फ्लेक्सच्या कडेला. तेव्हा कुठं ट्रॉली कारखान्यात शिरली.

"आणि आता शेवटचा विषय," अण्णा म्हणाले. "आपले कर्तबगार निमंत्रक, ज्यांनी हे अद्भुत यंत्र बनवलं, त्या अनेकांत मगदूम यांना पूर्ण सभासद..."

भोंगा वाजला.

यंत्र अगदी बरोबर चाललं, एका क्षणाचाही फरक नाही. अण्णांचे ओठ हलत होते आणि त्या ओठांवर माझं नाव होतं, पण दीडशे माणसं खुर्च्या मागं सारून जेवायला निघाली होती. मी अक्कांकडं धावलो.

"अक्का, किल्ली. दोन मिनिटं."

"तूच म्हणालास, आमदार आला तरी दोन मिनिटं न्हाईत."

"मी आमदार न्हाय, अक्का."

"म्हणून तर अजिबात न्हाय," अक्का म्हणाल्या आणि मला हुग्गीची बादली दिली. "चल, वाढ."

मी बादली घेऊन पंगतीत उतरलो. मोना भिंतीला टेकून माझ्या पिवळ्या बिल्ल्याकडं बघत होती. पुन्हा 'हेल्पर व्हय?' म्हणाली असती तर बरं झालं असतं.

अण्णांना काहीतरी वाटलं असावं. पानावर बसल्या बसल्या ते मोठ्यानं म्हणाले, "राहिलेला विषय इथंच घेऊया. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावा."

"सभा संपली," विश्वजित शेजारच्या पानावरून म्हणाला.

"तहकूब झाली. ही पंगत म्हंजे तहकूब सभा."

"ठीक आहे. पण घटनेप्रमाणं उजवाच हात लागतो."

आणि सगळ्यांचे उजवे हात हुग्गीत होते. मनगटापर्यंत. हात धुवायला उठावं तर पंगतीतून मधेच उठला त्याचं जेवण संपलं, हा आमच्याकडचा नियम. दीडशे पदवीधरांनी एकदा हाताकडं बघितलं, एकदा स्वच्छ बाहीकडं बघितलं, आणि पुढचा घास घेतला.

स्वच्छ उजवे हात होते ते फक्त आम्हा वाढप्यांचे. तीस जणांनी पळ्या, डाव, वाट्या घेऊन हात वर केले, आणि काहिलीपाशी अक्कांनीही. भाताची बादली घेतलेल्यानं बादलीसकट वर केला.

"सहयोगींना मत नाही," विश्वजित म्हणाला. "अक्कांचं एक धरतो. एक मत अनुकूल, बाकी तटस्थ. तूप आणा जरा इकडं."

मी त्याच्याकडं तूप घेऊन निघालो होतो. खरंच सांगतो, निघालो होतो. इतकी वर्षं वाढून पायांना वळण लागलेलं असतं. तेवढ्यात अक्कांनी काहिलीवर झाकण टाकलं. त्या आवाजानं पंगत वर बघायला लागली.

"हुग्गी बंद," अक्का म्हणाल्या. "ताक मिळंल."

"अहो अक्का, पहिलीच वाढ झालीय," कुणीतरी म्हणालं.

"ज्याला मत न्हाय तेच्या हातची हुग्गी बरी चालती तुमाला? ठराव करा. नुसता अनेकांतचा न्हवं, ह्या समद्या पोरांचा करा. न्हायतर बसा ताक पीत. सावली खांबाच्या अलीकडं आलीया."

दीडशे माना खिडकीकडं वळल्या. सावली येत होती. काहिलीच्या झाकणाखालून वाफ येत होती. वर्षभर म्हशींचा हेवा केलेली माणसं ती.

पहिला हात वर केला अण्णांनी. हुग्गी तळव्यावरून मनगटावर, तिथल्या, निवृत्तीला मिळालेल्या सोनेरी घड्याळाला वळसा घालून कोपरावर, आणि कोपरावरून सदऱ्यात गेली. मग त्यांच्या शेजारचा हात वर गेला, मग त्याच्या शेजारचा. बघता बघता दीडशे उजवे हात वर, आणि दीडशे बाह्यांतून तूप-गुळाचे ओघळ काखेकडं निघालेले. विश्वजितनं कंपनीचं पांढरं जाकीट सांभाळत बराच वेळ घटनेचा विचार केला. मग अक्कांनी झाकण किंचित सरकवलं. वास आला. जाकिटासकट हात वर गेला.

"एकमतानं मंजूर," अण्णा म्हणाले.

मोनानं कुठूनतरी निळा बिल्ला आणला आणि माझ्या छातीला लावला. तो कुणाचा होता ते मी विचारलं नाही. तीस जणांनी हातातल्या बादल्या, पळ्या, वाट्या खाली ठेवल्या आणि भिंतीकडच्या रिकाम्या पाटांवर ओळीनं जाऊन बसले. दीपा पापडांची टोपली ठेवून माझ्या शेजारी बसली.

पहिल्या पंगतीतून आवाज आला, "अहो, हुग्गी वाढा की आता."

कुणी उठलं नाही. सहयोगी सभासद असा कुणी आता संघात उरलाच नव्हता. एका मिनिटापूर्वी एकमतानं संपला होता.

"मग वाढायचं कुणी?" विश्वजितनं विचारलं. त्यानं डाव्या हातानं मोबाइल काढला आणि घटना बघितली. घटनेत वाढपी नव्हते.

"ज्याचं एकदा जेवून झालंय तेनं," अक्का म्हणाल्या. "आदी ह्या पंगतीला वाढा, मग तुमची दुसरी वाढ. हात धुवा आणि उचला बादल्या. सावली थांबत न्हाय."

ते उठले. उठण्यावाचून गत नव्हती. एक क्लाउडवाला इंजिनियर पत्रावळ्या मांडत होता आणि सुलटी बाजू कुठली ते मला विचारत होता. विश्वजितनं भात वाढला, तो पानात कमी आणि दीपाच्या पदरात जास्त. दीपा म्हणाली, "अभ्यास कमी पडला वाटतं," आणि त्यानं मान खाली घातली. अण्णा स्वतः तुपाचं भांडं घेऊन आले, माझ्या पानासमोर वाकले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अनेकांत," ते म्हणाले, "आजच्या या प्रसंगी मला सांगितलंच पायजे, की कारखान्यात जेव्हा पहिला प्रिंटर..."

"अण्णा," मी म्हणालो, "आदी तूप वाढा."

वाढलं त्यांनी. हात जरा आखडता होता, पण वाढलं.